निळ्या शर्टातली बाई

डबे उघडून सगळे बसले होते आणि दातांचे साचे ओतणाऱ्या प्लास्टरवाल्याने नेहमीप्रमाणे आपला फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला होता. गुडघे कामातून गेल्यापासून तो जेवताना दुसऱ्याच्या पायांनी फिरायचा. कुणीतरी कॅमेरा घेऊन रस्त्यारस्त्यांतून चालत जायचं, तासभर, दीड तास, एक अक्षर न बोलता, आणि हा इथे दातांच्या लॅबमध्ये साच्यांच्या फळीखाली बसून घास चावत त्याच्या मागोमाग चालायचा. कधी एखादं बंदर, कधी बर्फातलं गाव. आज म्हणाला, "आज लांब नाही गेलो. आपल्याच इथे, त्या बारच्या रस्त्याने फिरतोय." कुणी लक्ष दिलं नाही. मग त्याचा घास हातातच राहिला. "अहो बाई," तो म्हणाला, "ह्या तुम्हीच की!"

तिने मान वर केली. तळहाताएवढ्या त्या चौकोनात रात्रीचा रस्ता हळूहळू मागे सरकत होता. फुटपाथवर मांडलेली टेबलं, दिव्यांच्या माळा, पाठी, खांदे, कुणाचा तरी वर उचललेला ग्लास. आणि एका टेबलाशी निळ्या शर्टातली एक बाई मान मागे टाकून हसत होती. तोंड एवढं उघडं, की तिची वरची दातांची ओळ दिव्यात लख्ख दिसत होती. डावीकडचा वरचा पाचवा दात नाही, तिच्या मनात आलं, शेजारचा तिकडे कलायला लागलाय, वेळेवर ब्रिज करून घ्यायला हवा. चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात घालायचे दात बनवत आलेल्या माणसाचं डोकं असंच चालतं, आधी दात, मग माणूस. त्यानंतर कधीतरी तिच्या लक्षात आलं, की तो नसलेला दात तिचाच आहे. तोवर कॅमेरा पुढे निघून गेला होता, एका मेडिकलच्या हिरव्या पाटीकडे, जिच्यावर लाल आकड्यांत वेळ दिसत होती, नऊ अडतीस. "कसल्या हसताय!" प्लास्टरवाला खूश होऊन म्हणाला. "इथे एवढं हसताना कधी बघितलं नाही तुम्हाला. थांबा, परत लावतो." त्याने परत लावलं. अकरा सेकंद. "कधीचा आहे?" तिने विचारलं. त्याने बोटाने खाली ओढून तारीख वाचली. ती ऐकून तिने आपल्या डब्याचं झाकण लावलं, व्यवस्थित, चारी कड्या दाबून, आणि हात धुवायला उठली.

त्या रात्री पावणेदहाला तिची आई गेली होती. वेळ भावाने सांगितलेली. त्या खोलीत तो एकटाच होता.

दुपारभर तिने मेणात दात बसवले. एका म्हाताऱ्या गृहस्थांची पूर्ण कवळी होती, संध्याकाळपर्यंत द्यायची. चिमट्याने एकेक दात उचलायचा, गरम सुरीने मेण मऊ करायचं, दात टेकवायचा, किंचित बाहेर, किंचित आत. हात आपले आपण काम करत होते. तिला वाटलं, आता काहीतरी वाटेल. ती वाट पाहत राहिली, डॉक्टरने सुई टोचण्याआधी आपण दंड कसा घट्ट धरून ठेवतो तशी. काही वाटलं नाही. आई गेल्यापासूनचं हे असंच होतं. माणसं भेटायला येत, डोळे पुसत, तिचा हात हातात घेत, आणि तिला फक्त त्यांच्या हातांचं तापमान कळे. सुरुवातीला लोक म्हणाले, धक्का बसलाय, रडेल हळूहळू. मग म्हणाले, खंबीर आहे. मग म्हणायचे थांबले. अकरा महिने झाले. ती वेळेवर उठत होती, वेळेवर झोपत होती, आणि दातांमध्ये तिची एक चूक निघत नव्हती.

त्या संध्याकाळी ती भावाशी खोटं बोलली होती. आई अंथरुणाला खिळली त्याला नऊ वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ती लॅबमधून थेट घरी, आणि दिवसा बसणारी बाई सातच्या ठोक्याला चप्पल घालून दारात उभी. भाऊ शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, बस डेपोत वेळापत्रकं लावायचा, महिन्यातून दोनदा फळं घेऊन यायचा आणि आईच्या पायाशी अर्धा तास पाहुण्यासारखा बसायचा. तो वाईट नव्हता. त्याला त्या खोलीत काय करायचं ते कळत नसे, एवढंच. त्या दिवशी लॅबच्या मालकांनी सगळ्यांना बाहेर जेवायला बोलावलं होतं, ते लॅब मुलीच्या हाती देऊन मोकळे होत होते. प्लास्टरवाला तेवढा गुडघ्यांमुळे आला नव्हता. तिने भावाला फोन केला. "लॅबमध्ये तातडीची केस आलीय, दहापर्यंत थांबावं लागेल. तू येऊन बसशील?" तो लगेच म्हणाला, "येतो ना ताई, त्यात काय." खरं सांगितलं असतं तरी तो आला असता. उलट म्हणाला असता, जा, मजा कर. आणि तेच तिला नको होतं. त्याच्या त्या मोकळ्या आवाजातल्या 'मजा कर'ने तिची नऊ वर्षं एका फटक्यात स्वस्त झाली असती, जणू इतके दिवस कुणी जा म्हणत नव्हतं म्हणूनच ती बसून होती. हे तिला त्या वेळी कळलं नव्हतं. आता सुरीच्या टोकावर मेणाचा थेंब गोळा होताना बघत असताना कळलं, आणि कळूनही काही झालं नाही. दहाच्या जरा आधी त्याचा फोन आला होता. "ताई, ये." टेबलावरून उठून, दुसरा कान बोटाने बंद करून ती म्हणाली होती, "हे बघ, केस अजून हातातच आहे, काय झालं?" मागे कुठलंसं गाणं चालू होतं. पलीकडून तो म्हणाला, "ये तू."

रात्री घरी तिने तो व्हिडिओ शोधून काढला. त्या अकरा सेकंदांपाशी थांबवला, चालवला, थांबवला. काय होतं एवढं हसण्यासारखं? समोर मालक बसलेले दिसत होते, पाठमोरे, त्यांचा हात हवेत. त्यांनीच काहीतरी सांगितलं असणार. काय? डोकं ताणूनही आठवेना. आठवत होतं ते भलतंच. खुर्चीचा एक पाय आखूड होता, टेबलाखाली कुणाची तरी पिशवी सारखी पायाला लागत होती, मेनूकार्ड चिकट होतं. पण या बाईच्या तोंडातून बाहेर पडत होतं ते हसू कुठून आलं आणि कुठे गेलं, त्याचा काही पत्ता नव्हता. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं होतं. रस्त्यात जीव आहे. इथे कसं जायचं? आणि कुणीतरी, निळ्या शर्टातल्या काकूंसारखं हसता यायला हवं, बाकी आयुष्यात काय पाहिजे. खाली तीनशेवर लोकांनी त्याला मान डोलावली होती. ही तीनशे माणसं तिला ओळखत होती असं म्हणायचं का? निदान त्या बाईला तरी. तिने उठून मोरीतल्या आरशासमोर तोंड उघडून पाहिलं. घसा दिसला. हसू येईना.

मग तिला रस्त्यात कॅमेरे दिसायला लागले. ते काही नवे नव्हते, पण आतापर्यंत ते विजेच्या खांबांसारखे होते, असून नसल्यासारखे. घर ते लॅब या वीस मिनिटांच्या वाटेवर ते सतरा होते. इमारतीच्या जिन्यात एक, त्याच्या काचेवर कोळ्याचं जाळं. सराफाच्या दारावर दोन, एक रस्त्याकडे आणि एक आतल्या नोकराकडे. चौकात खांबावर चार, चार दिशांना तोंडं करून, भांडण झालेल्या भावंडांसारखे. या सगळ्यांमध्ये आपण रोज जातो, एवढ्याच वेगाने, हीच पिशवी घेऊन, आणि कुठेतरी ते साठतं आणि महिन्याभराने पुसलं जातं, कारण त्यात कुणाला काही शोधायचं नसतं. तिला ते बरं वाटलं. म्हणजे बरं वाटलं असंही नाही. ती चालीत थोडी ताठ व्हायला लागली आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने ते तसंच राहू दिलं.

शनिवारी संध्याकाळी, दिवे नुकते लागत असताना, ती त्या रस्त्यावर गेली. तोच निळा शर्ट घातला होता. मुद्दाम की हाताला आला म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं. तिने लिंबूसरबत मागवलं. वेटर तिशीतला, गबाळा, बोलका माणूस होता. कॅमेरावाल्याबद्दल विचारलं तर हसला. "तो ना? शनिवारी लवकर येतो, येईल की आठ-सव्वाआठला. मी त्याच्या दीडदोनशे व्हिडिओंत असेन. माझा बाप गावी रोज रात्री बघतो मला. फोनवर म्हणतो, परवा तोच शर्ट होता अंगात, धुतोस की नाही? मी दुखणं लपवलं होतं एकदा, तर लंगडताना दिसलो आणि सापडलो." फडकं मारता मारता तो जरा थांबला. "सगळ्यांना नाही आवडत पण. त्या कोपऱ्यातल्या मुली बघा, खुर्च्या फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतात. एकीच्या कपड्यांवर कुणी काय काय लिहिलं होतं खाली. ती महिनाभर आली नाही. आता येते, पण पाठ करून." त्याने खांद्यावर फडकं टाकलं. "तुम्हाला कशाला हवाय तो?" ती म्हणाली, "असंच."

तो आला तेव्हा तिने त्याच्याकडे न बघता टेबलांकडे पाहिलं. वाऱ्याची झुळूक गवतावरून जावी तसं काहीतरी माणसांवरून पुढे पुढे सरकत आलं. पाठी सरळ झाल्या. एका जोडप्याचे हात सुटून आपापल्या मांडीवर गेले. तीन मुलगे उगाचच मोठ्याने हसले, एकाने कॅमेऱ्याकडे बोटं नाचवली. कोपऱ्यातल्या एका मुलीने मेनूकार्ड गालापाशी धरलं आणि म्हणाली, "काका, पुढे जा ना." तो म्हणाला, "चाललोच आहे." आणि तो गेल्यावर सगळं पुन्हा सैल पडलं, हात हातात गेले, मेनूकार्ड खाली आलं. म्हणजे त्या रात्री आपल्याला तो दिसलाच नव्हता, तिच्या मनात आलं. ते हसू कुणाला दाखवायचं नव्हतं. मग ते कुणाचं होतं?

ती उठून त्याच्या मागे गेली. पन्नाशीचा सभ्य माणूस, गुडघ्याला पट्टा, छातीवर लहानसा कॅमेरा. तिने त्याला थांबवलं तेव्हा त्याने आधी कॅमेरा बंद केला, सवयीने. "मला एका व्हिडिओबद्दल बोलायचंय. मी आहे त्यात." त्याने तिच्याकडे पाहिलं, शर्टाकडे पाहिलं, आणि त्याला काहीही आठवलं नाही. या माणसामुळे लाखभर लोकांनी तिच्या तोंडातला गेलेला दात पाहिला होता, आणि त्याने मात्र तिला कधीच पाहिलं नव्हतं. "बाई, मी माणसं टिपत नाही हो," तो म्हणाला. "मी रस्ता घेतो, माणसं आपोआप येतात. सार्वजनिक जागा आहे." मग तिचा चेहरा बघून त्याचा आवाज खाली आला. "पण कुणी सांगितलं तर चेहरा धूसर करून देतो. दोन मिनिटांचं काम. घरचं काही आहे का? नाही, मी कारण विचारत नाही. मिस्टरांना कळलं वगैरे..."

"आईचं आहे," ती म्हणाली.

त्याला अर्थ लागला नाही, तरी त्याने मान हलवली. तारीख लिहून घेतली. "आज रात्री करतो," म्हणाला, "निर्धास्त राहा."

त्याने शब्द पाळला. झोपण्यापूर्वी तिने पाहिलं. निळा शर्ट होता, कोपर होतं, मागे गेलेली मान होती, आणि तिच्या वर ओल्या बोटाने चोळून टाकल्यासारखा एक करडा डाग. हसू त्याच्या मागे कुठेतरी बंद झालं होतं. संपलं, तिला वाटलं. आता भावाला कधी दिसलं तरी हरकत नाही. ती दिवा मालवून पडली आणि नेहमीप्रमाणे लगेच झोपली.

सकाळी आठला भावाचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ताई, तुझा चेहरा कुणी पुसला?"

गॅसवर दूध होतं, ते वर येताना ती बघत होती.

"त्या व्हिडिओत," तो म्हणाला. "गेल्या रविवारी होता. आज नाही."

"येते मी," ती म्हणाली, आणि गॅस बंद केला.

भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. भावजय मुलांना घेऊन माहेरी गेली होती, की त्याने मुद्दाम पाठवलं होतं, कोण जाणे. त्याने दार उघडलं आणि लगेच वळून खुर्चीत बसला, जणू उभं राहून बोललं तर जास्त बोललं जाईल. दाढी वाढलेली. टेबलावर फोन उलटा ठेवलेला. ती समोर बसली. रस्त्यात तिने वाक्यं जुळवली होती, ती आता एकाला एक लागेनात.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"त्याच रात्री. तुझ्या मागे गाणं वाजत होतं. लॅबमध्ये कुठे गाणी लावतात?" तो नखाने टेबलाची कड खरवडत होता. "पण कुठे होतीस ते कळत नव्हतं. मग शोधलं. लॅबच्या आसपासचे रस्ते, त्या तारखेचे व्हिडिओ, पहाटेपर्यंत बसायचो. ही म्हणायची, डोकं फिरलंय तुमचं. दीड महिना लागला."

"रागाने?"

"आधी रागाने. सापडलीस की तोंडावर मारीन म्हटलं, की बघ, आई जात होती आणि तू काय करत होतीस." तो थांबला. "आणि सापडलीस. आणि मला आधी कळेचना ही कोण. मग कळलं. ताई, मी तुला असं हसताना लहानपणी बघितलं होतं. तेव्हापासून नाही. मग काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. दर रविवारी सकाळी, ही उठायच्या आत, एकदा बघायचो. एकदाच."

तिला वाटलं, आता. आता काहीतरी होईल. तिने दंड घट्ट धरल्यासारखी वाट पाहिली. बाहेर कुणीतरी सतरंजी झटकत होतं, एकसारखे ठोके पडत होते. तिने ते मोजले, नऊ झाले, दहा झाले. त्याच्याकडे बघताना तिच्या लक्षात आलं, की तो आपल्याकडे बघत नाहीये. आज नाही, अकरा महिन्यांत एकदाही नाही. ती समजत होती तो चिडलाय, किंवा त्याला कळलंय. पण चिडलेला माणूस असा नखाने कड खरवडत नाही. असं कोण करतं, ते तिला माहीत होतं. गेले अकरा महिने ती स्वतःच अशी नजर चुकवत होती. आपण उशिरा पोचलो, आपण खोटं बोललो, या एका गोष्टीभोवती ती इतकी घट्ट बसून राहिली होती, की जो माणूस त्या खोलीत होता त्याला तिने एक साधा प्रश्न विचारला नव्हता.

"आई शेवटी काय करत होती?" तिने विचारलं.

त्याचं नख थांबलं. मग अगदी हळू, डेपोत बसची वेळ सांगावी तशा सपाट आवाजात म्हणाला, "पाणी मागितलं. उशाशी एकच ग्लास होता आणि त्यात तिची कवळी. म्हटलं, दुसरा ग्लास आणू. आत गेलो तर तुझ्या स्वयंपाकघरात मला ग्लास सापडेना. सगळी कपाटं उघडली. नऊ वर्षांत मी त्या घरात हाताने पाणी घेतलं नव्हतं, ताई, तूच आणून द्यायचीस. मग परत आलो, तोच ग्लास नेला, कवळी काढली, पाणी ओतलं. कवळी कुठे ठेवायची कळेना. ओट्यावर ठेवावीशी वाटेना. म्हणून एका हातात ती धरून दुसऱ्या हाताने ग्लास घासत बसलो. नळाला बारीक धार होती. साबण जाईना. ती आतून एकदा म्हणाली, मिळालं का? मी म्हटलं, आणतो, आणतो." तो थांबला. "तीन मिनिटं. चार असतील. भरून आत आलो."

ती पोचली तेव्हा आईचं तोंड आत ओढलेलं होतं, आणि त्या गर्दीत तिला एकदा वाटलंही होतं, कवळी कुठे आहे, घालायला हवी होती. पण तेवढ्यात कुणीतरी तिला जवळ घेतलं.

"मला वाटायचं, तू विचारशील," भाऊ म्हणाला. "रोज वाटायचं, आज फोन करेल आणि विचारेल, तू काय करत होतास? तू एक संध्याकाळ माझ्यावर सोडलीस, आणि मला एक ग्लास सापडला नाही."

तो उठला, आतल्या खोलीत गेला, कपड्यांच्या कपाटाचा खण ओढल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा हातात रुमालाची लहानशी पुरचुंडी होती. त्याने ती टेबलावर ठेवली आणि गाठ सोडली. "खिशातच राहिली होती. तुला द्यायची कशी, कळेना. टाकताही येईना."

तिने ती उचलली. अकरा महिन्यांत कोरडी पडून हलकी झाली होती, हिरडीचा रंग विटलेला. बोट आपोआप कडेवरून फिरलं. उजव्या बाजूला सुळा मुद्दाम थोडा फिरवलेला होता. पहिल्यांदा तिने सगळे दात अगदी सरळ रांगेत बसवले होते, तर आई आरशात बघून म्हणाली होती, "छे गं, एवढे सरळ दात माझे कधी नव्हते. लोकांना वाटेल दुसरीचं तोंड चोरलं. एक तरी वाकडा कर." आणि तिने तो एक दात पुन्हा मेण तापवून वाकडा केला होता. तीन वेळा, आईचं समाधान होईपर्यंत. तिसऱ्या वेळी दोघी मोरीच्या दारात उभ्या होत्या आणि आई आरशात स्वतःलाच दात दाखवत होती. बोट त्या सुळ्यापाशी थांबलं. तिच्या घशात काहीतरी हललं, अगदी थोडं, बधिर केलेल्या ओठाला तासाभराने पहिली मुंगी यावी तसं.

"कोरडी पडली की वाकते ही," ती म्हणाली. तिचा आवाज तिला ओळखू आला नाही. "पाण्यात ठेवायची असते."

"आणतो," म्हणत भाऊ लगबगीने उठला. स्वयंपाकघरातून एक कपाट उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग काहीच नाही, नुसता नळ. ती कवळी मुठीत धरून उठली आणि त्याच्यामागे आत गेली.